व्हॉल्व्हचा टेम्परेचरशी संबंध नाही, असं डेटा म्हणतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघणाऱ्या इंजिनिअरला काम दिलंय: ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेल्या) रिअ‍ॅक्टरवर 'टेम्परेचर हाय-हाय'चा ट्रिप (टेम्परेचर धोक्याच्या मर्यादेपार गेलं की होणारी आपोआप बंदी) अधूनमधून येतो, त्याचं कारण शोधा. आत उष्णता सोडणारी अभिक्रिया चालते आणि एक कच्चा माल हळूहळू सोडला, म्हणजे डोस केला, जातो. लोअर परळच्या हेड ऑफिसमधल्या डेटा टीमने हिस्टोरियनमधला (प्लांटचे आकडे वेळेसह साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) दोन वर्षांचा डेटा घेतला, मॉडेल चालवलं आणि तीन निष्कर्ष पाठवले. एक, कूलिंग वॉटरच्या व्हॉल्व्हचा रिअ‍ॅक्टरच्या टेम्परेचरशी जवळजवळ काही संबंध नाही. दोन, प्रेशर आधी वाढतं आणि टेम्परेचर नंतर, म्हणून प्रेशर हे कारण. तीन, ट्रिपच्या आधी लूप (टेम्परेचर बघून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारी साखळी) बहुतेक वेळा मॅन्युअलवर, म्हणजे ऑपरेटरच्या हाती, सापडतो, म्हणून ऑपरेटरने मॅन्युअलला हात लावू नये. इंजिनिअर विचारतो, हे मनाला पटत नाही, पण आकडे समोर ठेवलेत, काय उत्तर देऊ? आणि काय झालं की काय बंद करायचं हे लिहिलेला कॉज अँड इफेक्ट चार्ट आपल्याकडे आधीपासून आहे, मग तेच आपलं मॉडेल नाही का?

तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे, आणि तरी डेटा टीमशी आकड्यांवरून भांडू नका. त्यांचे तिन्ही आकडे खरे असणार. ऑटोवर चालणाऱ्या प्लांटमध्ये खऱ्या आकड्यांवरून उलटे निष्कर्ष निघणं ही रोजची गोष्ट आहे.

पहिला निष्कर्ष घ्या. सेटपॉइंट, म्हणजे राखायचं टेम्परेचर, ८० अंश आहे असं धरू. अभिक्रियेतून उष्णता जास्त निघाली की कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो, कमी निघाली की मिटवतो. लूप नीट ट्यून केलेला असेल तर ट्रेंडवर टेम्परेचरची रेघ सपाट दिसेल आणि व्हॉल्व्हची रेघ २० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत नाचलेली दिसेल. सपाट रेघेचा कशाशीच संबंध निघत नाही. कंट्रोलर पगार घेतो तो याचसाठी: टेम्परेचरमध्ये येऊ पाहणारी चढउतार उचलायची आणि व्हॉल्व्हच्या गळ्यात घालायची. त्यामुळे लूप जितका चांगला, तितका हा संबंध पुसट. लूप ढिला असेल तर चित्र आणखी फसवं होतं. टेम्परेचर वर गेलेलं असताना व्हॉल्व्हही जास्त उघडलेला सापडतो, आणि मॉडेल शिकतं की व्हॉल्व्ह उघडला की रिअ‍ॅक्टर तापतो. अशा मॉडेलवर कोणी ऑप्टिमायझर बसवला तर तो शांतपणे थंडावा कमी करायचा सल्ला देईल.

मुंबई महापालिकेची पावसाळी पाणी उपसणारी पंपिंग स्टेशन्स बघा: हाजी अली, वरळीचं लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, रे रोडजवळचं ब्रिटानिया, जुहूचं इर्ला, सांताक्रूझकडचं गझदरबंध. फक्त पंपांचे रनिंग अवर्स आणि पाण्याची पातळी एवढंच कोणाच्या हाती दिलं, तर 'जास्त पंप चालले की जास्त पाणी तुंबतं' असा घसघशीत संबंध निघेल. आपण त्याला हसतो, कारण पाऊस आणि भरती दोन्ही आपल्याला दिसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो आकडा ज्याच्या डोक्यात आहे तो पंपाला दोष देणार नाही. तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये पावसाची जागा अभिक्रियेच्या उष्णतेची आहे. फरक एवढाच की तिचा टॅग, म्हणजे नोंदीचा कॉलम, हिस्टोरियनमध्ये नाही, म्हणून मॉडेलला ती दिसलीच नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली एका साध्या कामात आहे. कोरा कागद घ्या, रिअ‍ॅक्टरभोवतालच्या सगळ्या गोष्टी लिहा आणि कशामुळे काय होतं याचे बाण काढा. मात्र प्रत्येक बाणावर तो कोणाचा आहे हे लिहा. काही बाण निसर्गाचे असतात: थंड पाणी जास्त गेलं की जॅकेट (भांड्याभोवतीचं पाण्याचं आवरण) थंड होतं, जॅकेट थंड झालं की मास (आतला माल) थंड होतो. हे आपण रद्द करू शकत नाही. काही बाण आपण वायरने किंवा लॉजिकने काढलेले असतात: टेम्परेचर वाढलं की कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो, ९५ ला गेलं की डोसिंग बंद. लूप मॅन्युअलवर टाकला की यातला पहिला बाण नाहीसा होतो, इंटरलॉक (धोक्याच्या वेळी आपोआप बंद करणारं लॉजिक) बायपास केला की दुसरा. काही बाण माणसांचे: पॅनेल ऑपरेटर ट्रेंड बघून डोसिंगचा वेग कमी करतो, शिफ्ट संपत आली की कोणी तो वाढवतो. आणि चौथ्या जातीचे बाण सगळ्यात जास्त विसरले जातात. प्रत्यक्ष स्थितीपासून स्क्रीनवरच्या आकड्यापर्यंत जाणारे, म्हणजे मोजमापाचे.

हिस्टोरियनमध्ये या चौघांची मिसळ असते. डेटा टीमने कोणता बाण कोणाचा हे न विचारता ती तशीच मॉडेलला दिली, इतकंच झालंय.

मोजमापाच्या बाणांवर थोडं थांबतो, कारण त्यांनी मोठमोठे घात केलेत. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र सांगत होता की बंद आहे. तो दिवा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला गेलेला हुकूम दाखवत होता, व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ शीतक पाणी निघून जात राहिलं. तुमच्या हिस्टोरियनमध्ये 'व्हॉल्व्ह ४५ टक्के' असं जे लिहिलंय ते कंट्रोलरचं आउटपुट आहे की पोझिशनरचा फीडबॅक (व्हॉल्व्ह प्रत्यक्ष किती उघडा आहे त्याचा निरोप), हे आजच तपासा. आउटपुट असेल तर तो हुकूम आहे. व्हॉल्व्ह ग्लँडमध्ये (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमध्ये) अडकला असेल किंवा त्याला हलवणारी एअर कमी असेल, तर हुकुमाचा टेम्परेचरशी खरोखरच संबंध नसेल, आणि मग पहिला निष्कर्ष वेगळ्याच कारणाने खरा ठरेल!

दुसरं उदाहरण टेक्सास सिटी रिफायनरीचं, २३ मार्च २००५. सुरू करताना एका टॉवरमध्ये द्रव भरत गेला, जवळपास १५८ फुटांपर्यंत. लेव्हल ट्रान्समीटर दाखवत होता आठेक फूट, तेही हळूहळू कमी होत चाललेले. पुढच्या स्फोटात १५ माणसं गेली. ट्रान्समीटर डिस्प्लेसर जातीचा, म्हणजे द्रवात लटकवलेल्या जड दांड्यावरचा जोर मोजणारा, होता. डिस्प्लेसर पूर्ण बुडेपर्यंत त्याच्यावरचा उचल-जोर पातळी सांगतो. पूर्ण बुडाल्यावर पातळी कितीही वाढो, जोर फक्त द्रवाच्या घनतेवर अवलंबून राहतो. द्रव तापत होता, घनता घटत होती, म्हणून आकडा उतरत होता. पातळीकडून आकड्याकडे जाणारा बाण तुटला आणि त्याच्या जागी टेम्परेचरकडून एक बाण येऊन बसला. आकड्यांच्या रांगेत हा बदल कुठेही लिहिलेला नसतो. तो डिस्प्लेसर कसा चालतो हे माहीत असणाऱ्यालाच दिसतो.

आता दुसरा निष्कर्ष, प्रेशर आधी आणि टेम्परेचर नंतर. ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरमध्ये टेम्परेचरचं सेन्सर बहुधा बॅफलच्या (ढवळताना माल अडवणाऱ्या पट्टीच्या) आत किंवा जाड थर्मोवेलमध्ये (सेन्सरच्या संरक्षक नळीत) बसलेलं असतं. मास तापल्यावर ती उष्णता काच, धातू, मधली हवा पार करून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. वाफेचं प्रेशर मात्र लगेच वाढतं आणि प्रेशर ट्रान्समीटर ते त्याच क्षणी सांगतो. कारण टेम्परेचर आहे, परिणाम प्रेशर आहे, पण परिणामाचा निरोप आधी पोचतो. 'जे आधी घडतं आणि पुढचं ओळखायला मदत करतं ते कारण' ही कसोटी अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडली, आणि आधी-नंतरच्या क्रमावरून कारण काढणारी डेटा टीमची पद्धत तिच्याच कुळातली आहे. कसोटी कामाची आहे, पण सेन्सर किती उशिरा बोलतो हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

वेळेबद्दल आणखी एक. हिस्टोरियन प्रत्येक सेकंदाचा आकडा ठेवतो हा गैरसमज आहे. बहुतेक ठिकाणी कॉम्प्रेशन लावलेलं असतं: आकडा ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तरच नोंद, मधल्या जागी सरळ रेघ. प्रेशरच्या टॅगला बारीक पट्टा आणि टेम्परेचरला जाड पट्टा असेल, तर प्रेशर 'आधी' हललेलं दिसणारच. ट्रिपच्या वेळी तर अलार्म लिस्टच्या क्रमावर अजिबात विसंबू नका. व्होल्टेज डिप आला, म्हणजे व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, की पंपांचे काँटॅक्टर (मोटरचे विद्युत स्विच) काही मिलिसेकंदांत सुटतात, आणि डीसीएस (प्लांट चालवणारी संगणक यंत्रणा) ते सगळे एकाच स्कॅनमध्ये, म्हणजे आकडे वाचायच्या एकाच फेरीत, बघतो. कोणता पंप आधी पडला याचं त्या यादीतलं उत्तर म्हणजे स्कॅनचा क्रम. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तसा दिवस असेल तर कारण उघड असतं, पण अर्ध्या सेकंदाच्या डिपनंतर माणसं आठवडाभर चुकीच्या पंपाच्या मागे लागतात. म्हणून सीक्वेन्स ऑफ इव्हेंट्सचं वेगळं कार्ड असतं, एक मिलिसेकंदाच्या नोंदीचं, जीपीएसच्या घड्याळाला जोडलेलं. तुमच्याकडे असेल तर तो प्रिंट आधी काढा.

तिसरा निष्कर्ष ऑपरेटरवर अन्याय करणारा आहे, म्हणून त्याचं उत्तर ठामपणे द्या. ऑपरेटर लूप मॅन्युअलवर टाकतो तो गंमत म्हणून नाही. ट्रेंडचा चढ त्याला आवडला नाही, व्हॉल्व्ह ओढतोय असं वाटलं, फील्डवरून वॉकीटॉकीवर काही कळलं, म्हणून तो हात घालतो. गडबड आधी, मॅन्युअल नंतर, ट्रिप त्याच्या नंतर. त्याचा हात काढून घेतला तर ट्रिप कमी होतील की वाढतील, हे या डेटावरून सांगता येत नाही. ते बघायचं असेल तर शिफ्टचं लॉगबुक वाचावं लागेल, आणि मॅन्युअल का केलं हे लिहायची सवय नसेल तर आजपासून लावावी लागेल.

मग मी कारण कुठे शोधेन? तुम्ही सांगितलेली अभिक्रिया उष्णता सोडणारी आहे आणि एक कच्चा माल हळूहळू डोस केला जातो. अशा ठिकाणी हाय-हाय टेम्परेचरचं कारण बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास आधीच्या कमी टेम्परेचरमध्ये असतं. ऐकायला उलटं वाटेल, पण बघा. मास ८० ऐवजी ७२ वर असताना डोसिंग चालू राहिलं, तर अभिक्रियेचा वेग कमी असतो आणि टाकलेला माल न वापरता साचत जातो. अजिटेटर (ढवळणारं यंत्र) मंद असेल तरीही तेच. टेम्परेचर शांत, ऑपरेटर खूश, कूलिंग व्हॉल्व्ह जवळपास मिटलेला. मग मास ८० कडे सरकतो आणि साचलेला माल एकदम पेटतो, म्हणजे सगळा एकाच वेळी अभिक्रिया करतो. आता इंटरलॉकने डोसिंग तोडलं तरी उपयोग मर्यादित, कारण पेटणारा माल आधीच आत आहे. कूलिंग पूर्ण उघडलं तरी काचेच्या थरातून उष्णता ठरावीक वेगानेच बाहेर पडते. एका क्षणाचं टेम्परेचर आणि त्याच क्षणाचा व्हॉल्व्ह यांची तुलना करणाऱ्या कुठल्याही मॉडेलला हे सापडणार नाही, कारण इथे कारण म्हणजे साठा आहे, आणि साठ्यालाही टॅग नाही.

टॅग नसला तरी तो बनवता येतो. जॅकेटमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या टेम्परेचरमधला फरक घ्या, फ्लोने गुणा, पाण्याच्या विशिष्ट उष्णतेने गुणा. तासाला १० घनमीटर पाणी आणि ५ अंशांचा फरक असेल तर साधारण ५८ किलोवॅट उष्णता निघतेय. बॅचच्या सुरुवातीपासून ही बेरीज करत चला, मास स्वतः किती तापला तेही त्यात धरा. दुसरीकडे, आतापर्यंत डोस झालेल्या मालाने किती उष्णता द्यायला हवी होती ते आर अँड डीच्या कॅलरीमीटरच्या रिपोर्टवरून काढा. दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे आत न पेटता पडलेला माल. काटेकोर येणार नाही. बाहेर जाणारी उष्णता, अजिटेटरची उष्णता, फ्लोमीटरची चूक हे सगळं त्यात मिसळेल. तरी ट्रिप झालेल्या आणि न झालेल्या बॅचेस या एका रेघेवर शेजारी ठेवा. जिथे तफावत फुगत गेली तिथेच ट्रिप आले असतील, तर तुमचं काम बरंचसं झालं. डेटा टीमला हेच काम द्या, ते तुमच्यापेक्षा झटकन करतील.

मुंबईचा पावसाळाही कागदावर यायला हवा. जूनमध्ये हवेचं वेट बल्ब टेम्परेचर (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) २८ अंशांच्या आसपास जातं आणि कूलिंग टॉवर त्याखाली पाणी थंड करू शकत नाही, म्हणून पाणी गरम येतं आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतो. त्याच दिवसांत जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते आणि थर्मोकपल, आरटीडी या टेम्परेचर सेन्सर्सचे आकडे भटकायला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसताना डेटामध्ये त्या हातात हात घालून चालताना दिसतील. महिना हा एक कॉलम जोडा, निम्मे भुताटकीचे संबंध गळून पडतील.

एवढं करूनही एखाद्या बाणाबद्दल शंका राहिली तर उपाय एकच, धक्का देऊन बघणे. संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांनी 'बघणे' आणि 'करणे' यांतला फरक गणितात पक्का बसवला, पण प्लांटमधले लोक स्टेप टेस्ट त्याच्या कितीतरी आधीपासून करत आलेत. १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स यांनी कंट्रोलरच्या ट्यूनिंगचे नियम दिले तेही प्रोसेसला हलवून बघण्यावरच उभे आहेत. परमिट घ्या, प्रोसेस इंजिनिअर आणि शिफ्ट इन्चार्जला सोबत घ्या, आणि आधी पाणी किंवा सॉल्व्हंट भरून करा. चालू उष्ण अभिक्रियेवर हा प्रयोग नको. लूप मॅन्युअलवर, व्हॉल्व्ह ५ टक्क्यांनी उघडा आणि हात बांधून बसा. टेम्परेचर हलायला लागेपर्यंतचा वेळ हा डेडटाइम. एकूण बदलाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला त्यानंतर लागलेला वेळ हा टाइम कॉन्स्टंट. शेवटचा बदल भागिले ५ हा गेन. मग ५ टक्के परत मिटवा आणि तेच आकडे येतात का पाहा. उघडताना एक आणि मिटताना दुसरंच उत्तर आलं तर व्हॉल्व्ह अडकतोय. चालू बॅचमध्ये मॅन्युअल करायचं नाही, तिथे लूप ऑटोवरच ठेवून सेटपॉइंट अर्ध्या अंशाने खालीवर करा. बाहेरून दिलेला हा छोटा धक्का बंद लूपमधूनही माहिती बाहेर काढतो. नुसत्या ऑटोच्या जुन्या डेटात तो धक्काच नसतो, म्हणून दोन वर्षांच्या डेटापेक्षा एका दुपारची टेस्ट जास्त सांगून जाते.

आता कॉज अँड इफेक्ट चार्टकडे. तो फार चांगला कागद आहे. डावीकडे कारणांच्या ओळी, वर परिणामांचे रकाने, मध्ये फुल्या. समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवरचा सेफ चार्ट आणि आपल्या लोकलच्या सिग्नलिंगवाल्यांचं कंट्रोल टेबल ही त्याचीच भावंडं. पण त्यात फक्त दुसऱ्या जातीचे बाण आहेत, आपण ठरवलेले. अमुक झालं तर आम्ही तमुक करू, एवढंच तो सांगतो. अमुक का झालं हे त्यात नाही, आणि तमुक केल्यावर प्रोसेसमध्ये पुढे काय होईल तेही नाही. डोसिंग व्हॉल्व्ह मिटला, पंप चालूच राहिला, लाइनचं प्रेशर वाढलं आणि तिसऱ्याच ओळीतला ट्रिप आला, ही साखळी चार्टवर तीन सुट्या फुल्यांसारखी दिसते. शिवाय बायपासची चावी फिरवलेली असली तरी छापलेली फुली जागची हलत नाही. म्हणून ट्रिपचा अभ्यास करताना चार्टच्या शेजारी त्या दिवसाचं बायपास रजिस्टर ठेवा.

तुमच्या चार्टमध्ये मी आधी दोन फुल्या शोधेन. टेम्परेचर लो असेल तर डोसिंग बंद, ही एक. अजिटेटर बंद पडला तर डोसिंग बंद, ही दुसरी. आणि अजिटेटर चालू असल्याचा निरोप मोटरच्या काँटॅक्टरवरून घेतलाय की करंट किंवा शाफ्टच्या वेगावरून, हेही बघा, कारण कपलिंग तुटलं तरी काँटॅक्टर आत राहतो. बऱ्याच जुन्या चार्टमध्ये हाय-हायची ओळ जाड अक्षरात असते आणि लोची ओळ नसतेच, कारण कमी टेम्परेचरला कोणी धोका मानलेलं नसतं. ती नसेल तर स्वतःहून लॉजिकमध्ये घालू नका. हॅझॉपच्या (धोक्यांचा अभ्यास करणाऱ्या) टीमसमोर न्या, मॅनेजमेंट ऑफ चेंजचा (बदलाच्या मंजुरीचा) कागद करा, सेफ्टी सिस्टिममध्ये जात असेल तर आयईसी ६१५११ या मानकाप्रमाणे तिचं सिल (सुरक्षेची पातळी) ठरवा आणि मगच प्रोग्रॅम करा.

डेटा टीमचं प्रेशरवालं मॉडेल फेकून द्या असंही मी म्हणणार नाही. प्रेशरचा निरोप आधी पोचतो हे खरं असेल, तर ऑपरेटरला दोन मिनिटं लवकर सावध करायला ते उत्तम आहे. अलार्मसाठी वापरा. फक्त त्याच्या आधाराने कोणी प्रेशरला हात घालू नये: नायट्रोजन ब्लँकेटचा (मालावरच्या नायट्रोजनच्या थराचा) सेटपॉइंट खाली आणला म्हणून आत साचलेला माल पेटायचा थांबत नाही, आणि वर तुमचा लवकर पोचणारा निरोपही बिघडतो.